मर्लचा डूख, मर्लचा बेडूक

मर्ल झानेट्टीने कुणाला माफ केल्याचं आमच्या गावात कुणाला आठवत नाही. मी तिच्या समोरच्या घरात राहते. साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आम्ही दोघी बरोबर होतो, ती चुलीपाशी आणि मी काउंटरवर. एकदा एका मुकादमाने भांडी घासणाऱ्या पोरीला सगळ्यांदेखत म्हैस म्हटलं. पोरगी रडत आत आली. मर्लने तिला बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली. पण त्या दिवसापासून गळीत हंगाम संपेपर्यंत त्या मुकादमाच्या ताटात भाजलेल्या मटणाचा एकच तुकडा पडायचा, ट्रेच्या कोपऱ्यातला, तळाला करपून कातडं झालेला. वर मर्ल गोड हसून विचारायची, "अजून ग्रेव्ही घालू का रे?" तो तक्रार तरी कशाची करणार? मटण तर सगळ्यांनाच मिळत होतं.

तिचा नवरा विन्स नेमका उलट. त्याचा आजा इटलीहून इथे ऊस तोडायला आला. विन्स उसाची आगगाडी चालवायचा, आणि कुणी शिवी दिली तरी ती शिवी नीट ऐकू आली नाही असं समजून पुढे जायचा. त्याला वेड एकच, बेडकांचं. निवृत्त झाल्यावर त्याने परसात स्वतःच्या हाताने तळं खणलं. काठाला नेचे लावले, लाकडाचे ओंडके टाकले. तिन्हीसांजेला हा पालथ्या खोक्यावर बिअरची बाटली घेऊन बसायचा आणि बेडकांचं ऐकत राहायचा. मर्ल आतून ओरडायची, "जेवायला येतोस का तिथेच माश्या खातोस?"

त्यांच्या शेजारी केल्विन स्ट्रेकर राहायला आला तो दक्षिणेकडच्या थंड, कोरड्या भागातून. त्याची बायको वर्षभरात इथल्या दमटपणाला कंटाळून परत गेली, हा राहिला. त्याचं सगळं लक्ष अंगणातल्या हिरवळीवर. एकेक पातं कात्रीने कापल्यासारखं. दर हिवाळ्यात गावच्या कृषी प्रदर्शनात बागांची स्पर्धा असते. तिचं पहिलं बक्षीस मिळवायचं एवढं एकच ध्येय त्या माणसाने इथे येऊन ठेवलं होतं. त्याला विन्सचं तळं खुपायचं. डास, गवताचं बी, साप, काय वाटेल ते त्याच्या तोंडून निघायचं. विन्स म्हणायचा, "ये की रे एखाद्या संध्याकाळी, बस." केल्विन कधी आला नाही. नगरपालिकेत गेला.

तोवर विन्सच्या फुप्फुसांनी दगा दिला होता. त्याचा पलंग मर्लने मागच्या खिडकीशी लावला, तळं दिसावं म्हणून. त्याच पलंगावरून त्याने बघितलं. पालिकेचा माणूस आला, मागोमाग मातीचा ट्रक आला आणि तळं बुजलं. मर्ल पडदा ओढायला गेली तर विन्स म्हणाला, "राहू दे." नंतर तो फारसं बोललाच नाही. ईस्टरच्या आत गेला.

दफनाला केल्विन आला होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याने मर्लचा हात हातात घेऊन "वाईट झालं" म्हटलं. मर्लने हात दिला. घरी आल्यावर तिने तो हात भांड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत धुतला. मी शेजारी उभी होते. ती म्हणाली, "डोरीन, मला दीर्घायुष्य हवंय. कामं राहिलीत."

बेडूक गेले. ओढ्याकडे गेले असतील, मातीखाली मेले असतील. एक तेवढा मागे राहिला. न्हाणीघराबाहेर पन्हळीचा पाइप खाली उतरतो, त्यात तो राहायला लागला. हिरवा झाडबेडूक, तळहाताएवढा, पुढच्या पायाचं एक बोट तुटलेलं. पोट पुढे काढून, डोळे अर्धे मिटून असा बसायचा की जणू निवडणूक जिंकून आलाय. म्हणून त्याचं नाव मेयर. त्याचा आवाज पाइपातून घुमून दुप्पट व्हायचा, आणि त्या पाइपासमोरच, कुंपणापलीकडे, केल्विनच्या झोपायच्या खोलीची खिडकी.

"मर्ल, तुझ्या त्या जनावराला आवर," केल्विन कुंपणावरून म्हणायचा.

"सांगते हं त्याला. इंग्रजी कमी येतं त्याला," मर्ल म्हणायची.

विन्सच्या बेडकांपैकी तो शेवटचा होता. त्या पाइपाजवळ कपड्यांचं साबणपाणीही ती ओतत नसे. बादली उचलून अंगणाच्या पार टोकाला जायची, गुडघे दुखत असताना.

प्रदर्शन जवळ आलं होतं तेव्हाची गोष्ट. थंडी होती, म्हणजे आमच्याकडे पडते तेवढी. सकाळी मर्लची हाक ऐकून मी रस्ता ओलांडून धावले. मेयर न्हाणीघरासमोरच्या सिमेंटवर भर उन्हात बसला होता. दिवसा उजेडी उघड्यावर बसणारा हा प्राणीच नव्हे. रंग उतरून मळकट झालेला, पाठीवरची कातडी पापुद्र्यासारखी सुटत होती. मागचे पाय पोटाशी दुमडायचे सोडून दोन्हीकडे फाकलेले, आणि जवळ गेलं तरी हलायला तयार नाही.

मर्ल त्याला उचलायला वाकली. मी म्हटलं, "थांब, आधी कुणाला तरी विचारूया." फ्रिजच्या दारावर जखमी प्राण्यांना मदत करणाऱ्या संस्थेचं चुंबक होतं, त्यावरचा नंबर मी फिरवला. ट्रुडी नावाची मुलगी बोलली, वरच्या गावातली. तिच्या आवाजामागे कुठला तरी पक्षी किंचाळत होता.

"हात लावलात का त्याला?"

"अजून नाही."

"लावू नका. उघड्या हाताने तर मुळीच नाही. पावडर नसलेले रबरी हातमोजे आहेत? ते पावसाच्या पाण्यात ओले करा. टाकी आहे ना तुमच्याकडे? नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं, ते त्याच्या कातडीतून आत जातं. एखाद्या डब्याला भोकं पाडा, आत कागदी रुमाल ओला करून अंथरा आणि डबा सावलीत, शांत जागी ठेवा. खायला काही घालू नका, औषधही नको. मी निघालेच."

मर्लने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली. हातमोजे ओले करून चढवले आणि मेयरला उचलून आत ठेवलं. झाकण लावलं, डबा छातीशी धरला आणि आत न जाता ती सरळ कुंपणाकडे चालायला लागली.

"मर्ल, सावलीत ठेवायला सांगितलंय!"

"ठेवते. आधी एकाला दाखवते."

केल्विन त्याच्या पायऱ्यांवर बसून हिरवळीच्या कडा कापत होता. पायरीवर त्याची फवाऱ्याची बाटली. आमच्याकडे उसातले भेक फार, म्हणजे खरखरीत कातडीचे विषारी बेडूक, परदेशातून आणून सोडलेले आणि माजलेले. रात्री ते दिव्याखाली जमतात. केल्विन त्यांच्यावर जंतुनाशक मारायचा. नुसता तो नाही, अर्धं गाव मारतं.

"केल्विन, इकडे ये."

"काय आणलंस? सँडविच?"

मर्लने झाकण उचललं. केल्विनने आत डोकावून तोंड वाकडं केलं.

"मेला की काय?"

"तू मारलास. त्या बाटलीने."

"मी भेकांवर मारतो, मर्ल. भेकांवर. तू काय, मुके घेतेस त्यांचे?"

"मी त्यांना डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवते. झोपेत जातात बिचारे. आणि अंधारात तुला भेक कुठला आणि बेडूक कुठला हे कळतं?"

केल्विन कात्री पुसत म्हणाला, "एखाद वेळी होतही असेल चूक. एवढं काय त्यात? शेवटी बेडूकच तो."

मर्लने झाकण लावलं. मला वाटलं, आता ही किंचाळणार. पण ती मटण वाढतानाचं ते हसू हसली.

ट्रुडी गाडी घेऊन आली. तिने मेयरला उलटा केला, तर त्याला सरळ होता येईना. "बऱ्याच कारणांनी असं होतं," ती म्हणाली. "तपासल्याशिवाय नाही सांगता येणार." आमचे हातमोजे तिने पिशवीत बांधून घेतले आणि गेली.

त्याच दुपारी मर्लने तणनाशकाचा डबा आणला. दुसरा दिवस शनिवार, आणि शनिवारी केल्विन बोलिंगच्या क्लबात असतो. मर्ल डबा घेऊन त्याच्या फाटकातून आत शिरली. मला फाटकाशी उभं केलं होतं, पहाऱ्याला. तिचा बेत मला आदल्या दिवशीच कळला होता. हिरवळीच्या बरोबर मधोमध, परीक्षकांना पोर्चमधून दिसेल अशा मोठ्या अक्षरांत, ती विन्सचं नाव लिहिणार होती. परीक्षक येईपर्यंत गवत जळून अक्षरं पिवळी झाली असती.

तिने झाकण फिरवलं, डबा तिरपा केला आणि तशीच थांबली. हिरवळीच्या उताराकडे बघत राहिली.

"आटप ना गं!"

"डोरीन, हे पाणी गटारात जातं."

"जाऊ दे की!"

"गटार ओढ्याला मिळतं." तिने झाकण पुन्हा घट्ट लावलं. "विन्सचे कुणी उरले असतील तर तिथेच असतील. सूड घ्यायचा तर त्यांना मारून नाही घेणार मी."

त्या वर्षी पहिलं बक्षीस केल्विनला मिळालं. निळी फीत त्याने टपालपेटीला बांधली, मर्लच्या फाटकातून दिसेल अशी. मर्ल रोज सकाळी तिच्याकडे बघायची, औषध घेतल्यासारखी.

मग ट्रुडीचा फोन आला. मेयर जगणार होता. त्याच्या कातडीला बुरशी लागली होती. बेडकांची ही साथ जगभर आहे, थंडीत बळावते. रोज औषधाच्या पाण्यात बसवून तो हळूहळू सुधारत होता. फवाऱ्याचा काही संबंध दिसत नाही, असंही तिने सांगितलं.

मी म्हटलं, "म्हणजे केल्विन निर्दोष निघाला की गं."

मर्ल चहात बिस्कीट बुडवत होती. "मेयरच्या बाबतीत."

"मग?"

"विन्सच्या बाबतीत त्याला निर्दोष कोण ठरवणार? ट्रुडी?" बिस्कीट तुटून चहात पडलं. ते चमच्याने काढत ती म्हणाली, "आज त्याने केलं नाही म्हणून काल केलेलं धुतलं जात नाही."

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा ट्रुडी मेयरला घेऊन आली. जिथे सापडला तिथेच सोडायचा, असा नियम आहे. मेयर हिरवागार, तुकतुकीत, पाय पोटाशी घेऊन बसलेला. पन्हळीच्या पाइपापाशी ठेवताच एक उडी मारून आत गेला. मर्लने चष्मा काढून पदराने पुसावा तसा एप्रनने पुसला.

ट्रुडी निघताना म्हणाली, "मिसेस झानेट्टी, यांना राहायला जागा कमी पडते बघा. प्लास्टिकचे पाइप मिळतात ना प्लंबरकडे, त्यांचे तुकडे जमिनीत उभे रोवा. तळाशी थोडं पाणी राहू द्या. बाकीचेही येतील."

"किती येतील?"

"पाऊस चांगला झाला तर पुष्कळ. पण आवाज फार होईल हं. पाइपात घुमतो तो. तुम्हाला त्रास..."

"मला नाही होणार," मर्ल म्हणाली. "आणि कुणी तक्रार केली तर?"

"आपले देशी बेडूक आहेत, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. कुणी मारू शकत नाही, उचलून दुसरीकडे नेऊही शकत नाही."

मर्लने तिला अख्खा फळांचा केक बांधून दिला. एवढी उदार मी तिला विन्सच्या लग्नातही पाहिली नव्हती, आणि ते लग्न तिचंच होतं.

त्यानंतर ती प्लंबरच्या अंगणात जाऊन भंगारातले पाइप निवडून आणायला लागली. जाड, बारीक, लांब, आखूड. एकेकात ओरडून बघायची. जो चांगला घुमेल तो ठेवायचा. ते सगळे तिने कुंपणाला लागून उभे रोवले, केल्विनच्या खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चर्चमधल्या ऑर्गनसारखे. मध्ये नेचे लावले, विन्सने लावले होते त्याच जातीचे.

"हे काय काढलंस?" केल्विनने विचारलं.

"बागकाम. तुझं बघून शिकले."

पावसाचा मोसम सुरू झाला आणि ओढ्याकडून बेडूक आले. कसं कळलं त्यांना देव जाणे. आधी एक-दोन, मग प्रत्येक पाइपातून हिरवं डोकं. अंधार पडला की एक सुरू करायचा, शेजारचा त्याला उत्तर द्यायचा, आणि मग सगळी रांग मिळून अशी गर्जायची की रस्त्याच्या अलीकडे माझ्या कपाटातले कप थरथरायचे. मर्ल विन्सचा पालथा खोका काढून परसात बसायची. बिअर तिला आवडत नाही, तरी बाटली उघडायची.

केल्विनने कानात बोळे घातले. मग खिडकीला गादी लावली. क्लबच्या बैठकीत तो बोलता बोलता झोपला, असं कानावर आलं. हिरवळ वाढायला लागली. एका कडेला गवत घोट्यापर्यंत आलं तेव्हा मर्लने मला मुद्दाम बोलावून दाखवलं. शेवटी तो पुन्हा पालिकेत गेला.

माणूस आला तो तोच, तळं बुजवणारा. त्याने पाइपांत टॉर्च मारला. पाणी साचलंय का, अळ्या आहेत का, ते पाहिलं. मर्ल नम्रपणे म्हणाली, "डास खाऊन टाकतात हो ते. आमचे मिस्टर सांगायचे, पण कुणी ऐकलं नाही." त्या माणसाने फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं, मग टॉर्च खिशात घातला. केल्विनला म्हणाला, "यांना हात लावता येणार नाही, साहेब," आणि गाडीत बसला. मर्ल घरात गेली. मागच्या खिडकीशी खुर्ची ओढून, त्या माणसाच्या गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी केल्विन फाटकाशी आला. मी आणि मर्ल ओसरीवर कोळंबी सोलत होतो. त्याची दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मर्ल, मी हरलो. काय पाहिजे तुला?"

"काही नाही."

"त्या तळ्यासाठी करतेयस ना हे?"

मर्लने कोळंबीचं डोकं मोडलं. "तो खिडकीतून बघत होता. माहीत होतं तुला?"

"नाही. शपथ. माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

केल्विन म्हणाला, "खोटं कशाला बोलू? तरी केली असती तक्रार. मला ते तळं बघवत नव्हतं."

मला वाटलं, आता ती कोळंबीचं पातेलं त्याच्या डोक्यावर ओतणार. पण मर्ल त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली, दुकानात माप तपासावं तशी. "बरं झालं खरं बोललास," ती म्हणाली. "पाइप राहतील."

केल्विनने झोपायची खोली पुढच्या बाजूला हलवली. त्याचा टीव्ही आता मला ऐकू येतो.

एवढ्यावर सगळं थांबेल असं मला वाटत होतं. पण पाऊस भरात असताना मेयर नाहीसा झाला. पन्हळीचा पाइप रिकामा. मर्लने नवे पाइप एकेक करून तपासले. त्यात कितीतरी होते, तुटक्या बोटाचा एकही नव्हता. तिला जेवण जाईना. मी म्हटलं, "मोसम आहे, बायकोच्या शोधात गेला असेल." ती पुन्हा टॉर्च घेऊन बाहेर गेली.

आणि एका सकाळी केल्विन तिच्या दारात उभा. "तुझा तो जाड्या माझ्या संडासात आहे."

मर्ल चपला न घालताच निघाली. मी मागोमाग. त्याच्या घरात आम्ही दोघी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. सगळं स्वच्छ आणि सगळं पांढरं. पांढऱ्या भांड्याच्या कडेखाली, थंडगार ओलाव्यात, पोट पुढे काढून मेयर बसला होता. मर्लने वाकून त्याचं बोट पाहिलं, कातडी पाहिली, पाय पाहिले.

"बरा आहे," ती हळूच म्हणाली.

"मी काही मारलं नाही त्याच्यावर," केल्विन म्हणाला. "बाटली हातात होती. पण नाही मारलं. आता घेऊन जा त्याला."

मर्ल सरळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू हळूहळू येताना मी पाहिलं.

"नेता येत नाही, केल्विन. कायदा आहे. स्वतःहून आलाय, स्वतःहून जाईल."

"मर्ल!"

"आणि भांड्यात ब्लीच घालायचं नाही. ॲसिड नाही, साबण नाही, ती निळी गोळी तर नाहीच. त्याच्या कातडीतून आत जातं. आधीच आजारातून उठलाय."

"मग मी संडास धुवायचा कशाने?"

"ब्रशने. पावसाच्या पाण्याने. बादली नसेल तर मी देते."

त्याच्या फाटकाबाहेर येईपर्यंत मी हसून हसून बेजार झाले होते. मर्ल हसत नव्हती. तिच्या ओसरीवर येऊन ती खोक्यावर बसली आणि म्हणाली, "विन्सचा शेवटचा होता गं तो. एवढे पाइप लावले मी. आणि जाऊन जाऊन गेला कुठे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिने नाक पुसलं. "पण त्याच्या भांड्याला डाग पडतील ना आता?"

"पडतील," मी म्हटलं.

मेयर अजून तिथेच आहे. दर रविवारी चर्चहून आल्यावर मर्ल टॉर्च घेऊन केल्विनकडे जाते. केल्विन दार उघडतो आणि बोळात उभा राहतो. चहाचं तो विचारत नाही, विचारलं असतं तरी तिने घेतला नसता. ती आत जाऊन मेयरची कातडी बघते, पाय बघते, आणि बाहेर येताना न चुकता सांगते, "कडेला काळं धरलंय, केल्विन. जोर लावून घास."